आबा ज्या दारात थांबत

आबा संध्याकाळी फिरायला निघाले की आमच्या आळीतल्या बायका दारं लोटून घेत. पिसाळलेलं कुत्रं आल्यावर लोटतात तशी घाईघाईने नव्हे. उंबऱ्यावर बसलेलं मूल हळूच आत ओढायचं आणि दार आवाज न करता टेकवायचं. फटीतून मात्र सगळ्या बघत असायच्या. आबा पुढे गेले की जीव भांड्यात पडायचा. एखाद्या दारात ते थांबले, तर त्या घरात त्या रात्री कुणाला घास गोड लागत नसे.

आबा आमचे घरमालक. माझे वडील इंदापूरच्या कचेरीत कारकून होते. ते गेल्यावर मी ट्रेनिंग पुरं करून बारामतीच्या मुलींच्या शाळेत नोकरी धरली आणि आईला घेऊन आबांच्या मागच्या दोन खोल्यांत राहायला आले. लासुर्ण्याच्या बाजूला साखरेचा कारखाना उभा राहत होता, त्या सुमाराची ही गोष्ट. नीरेच्या कालव्याचं पाणी मुलखात पूर्वीच आलेलं होतं. जिकडेतिकडे ऊस, गुळाच्या पेठेत गाड्यांची रांग, आणि पावसाळा सरता सरता घरोघर हिवताप.

आबांनी कालव्यावरच ओव्हरसियर म्हणून जन्म काढला होता आणि आता पेन्शन खात होते. लासुर्ण्याला त्यांची बागाईत जमीन होती, ती त्यांनी खंडाने कसायला दिली होती. बायको फार पूर्वी गेलेली, मूलबाळ नाही. साठी उलटलेली होती, पण अंगावर सुरकुती नव्हती. चिंचेने घासलेल्या तांब्याच्या हंड्यासारखं अंग चकचकीत दिसे. उजाडायच्या आत कऱ्हेच्या पाण्यात अंघोळ, मग सूर्यनमस्कार, मग कडुनिंबाचा पाला. पाणी उकळून, फडक्यातून गाळून. चहा नाही, विडी नाही, तंबाखू नाही. घास इतका चावत की त्यांच्यासमोर जेवायला बसलेला माणूस कंटाळून हात धुवायला उठे. दिवे लागले की अंथरुणावर.

एवढं असतं तर गावाने त्यांना नुसतं चक्रम म्हणून सोडून दिलं असतं. पण आबांचा मरणाविषयी एक सिद्धान्त होता, आणि तो ते भाजीचा भाव सांगावा तितक्या सहज सांगत.

"मरण आळशी असतं, बाई," मला ते म्हणत. "ते कष्ट करून भिंत चढत नाही. उघडं दार दिसलं की आत येऊन बसतं. नेम चुकला की दार उघडं. नेम पाळणाऱ्याच्या घरी ते कशाला येईल?"

मरणाला ते 'तो' म्हणायचे. 'तो' घरात येऊन बसला की आपल्याला उंबऱ्याबाहेरून कळतं, अशी त्यांची खात्री होती. कसं कळतं, ते त्यांना सांगता येत नसे. म्हणायचे, पाय जड होतात. भरल्या पाण्यात चालताना होतात तसे. मग थांबावंच लागतं.

आम्ही राहायला आलो त्याच वर्षी आळीच्या टोकाला एका कासाराच्या दारात ते थांबलेले मी पाहिले. हातातली काठी जमिनीला टेकलेली, मान थोडी कलती, कुणी आतून हाक मारतंय आणि नीट ऐकू येत नाही, असं काहीसं. आत कुणी आजारी नव्हतं. कासाराची सून भांडी घासत होती. तिने मान वर करून पाहिलं आणि तिच्या हातातली परात दगडावर पडली. पंधरवडा उलटायच्या आत ती तापाने गेली. शाळेतून येताना त्या दारासमोरून जायचं मी सोडलं. लांबच्या बोळातून येई.

आई मात्र आबांना भ्यायची नाही. एकदा ते आमच्या पायरीशी जरा रेंगाळले, तशी ती पळी घेऊनच बाहेर आली.

"आबा, भाडं हवं असेल तर बोला. नुसतं थांबायचं असेल तर दुसरीकडे थांबा."

"नाही वहिनी, जोड्यात खडा गेलाय."

"मग पुढे जाऊन काढा."

आबा खरोखर पुढे जाऊन, पलीकडच्या भिंतीला टेकून खडा काढत बसले. त्या दिवशी आई हसली. पण रात्री तिने माझ्या उशाखाली विळा ठेवलेला मला सकाळी सापडला.

आमच्या समोरच एका गुळाच्या अडत्याची दुमजली इमारत होती. त्या गृहस्थाने आबांचा एकही नेम ऐकला नव्हता. दुपारपर्यंत लोळायचं, तोंडात तंबाखूचा बार, जेवणावर तुपाची धार, आणि संध्याकाळी आणखीही काही. त्याच्या दारात आबा कधीच थांबले नाहीत. एकदा त्याला जबर ताप भरला. पुण्याहून मोटारीतून डॉक्टर आला, बर्फाच्या लाद्या आल्या, आणि महिन्याभरात स्वारी पुन्हा गादीवर लोळायला मोकळी झाली.

मी आबांना विचारलं, "तुम्ही माडीवाल्यांच्या दारात कधी थांबत नाही का हो?"

त्यांनी जरा विचार केला. "तिथे पाय जड होत नाहीत. तो तिथून नुसता जातो. टेकत नाही."

आई आतून म्हणाली, "टेकेल कसा? सगळीकडे लोडतक्केच!"

आबा हसले नाहीत. भिंतीकडे बघत उभे राहिले.

जवळच्या कन्हेरी गावाहून सगुणा नावाची एक बाई डोक्यावर पाटी घेऊन भाजी विकायला यायची. मेथी, गवार, कोवळी वांगी. तिचा नवरा म्हादू एका बागाईतदाराकडे उसाला पाणी द्यायच्या कामावर होता. मालकानेच त्यांना कालव्याच्या चारीच्या खालच्या अंगाला एक खोपट बांधून दिलं होतं. चारीचं पाणी पाझरून ती जमीन बारमाही ओली असायची. दोघी मुली होत्या, थोरली पाचेक वर्षांची, धाकटी दोनेक.

म्हादू हा आबांचा एकुलता एक शिष्य. पुरता पट्टशिष्य म्हणा ना. कालव्यावर फिरायला जाताना दोघांची ओळख झाली आणि आबांनी त्याला नेम दिले. इतर लोक समोर माना डोलवायचे आणि पाठ वळताच विडी पेटवायचे. म्हादूने तंबाखूची पिशवी खरोखरच चारीत सोडून दिली. पहाटे नमस्कार घालू लागला. पाणी उकळून प्यायला लागला. सगुणा आईजवळ कुरकुर करायची.

"नेम चांगला हाय वो आक्का. पर पानी उकळाया पाचट लागतंय, आन पाचट उचलाया मालकाला इचारावं लागतंय. आता आमी पानी पितुया का परवानगी, तेच कळंना झालंय."

दिवे लागताच झोपायचा नेम तर म्हादूला जमणंच शक्य नव्हतं, कारण पाण्याची पाळी बहुतेक रात्रीचीच असे. आबा म्हणाले, पाळी बदलून घे. तसा तो हसून म्हणाला, "आबा, पाळी पान्याची हाय, माजी न्हाय." आबांनी एवढी एक सूट त्याला दिली. बाकी सगळं मात्र तो जिवाच्या कराराने पाळी. आबा अभिमानाने त्याला लोकांपुढे उभा करत, त्याच्या दंडावर थाप मारत आणि म्हणत, "ह्याच्या पदरात दिवसाला काय पडतं ते विचारू नका. ह्याचे नेम बघा. हा माझ्यापेक्षा जास्त जगेल."

त्या वर्षी भाद्रपदात एका संध्याकाळी आबा कन्हेरीकडून परत आले ते घरात न जाता ओट्यावरच बसले. जेवले नाहीत. शेवटी माझ्याकडे न बघता म्हणाले,

"म्हादूच्या दारात माझे पाय थांबले."

मी ओट्याच्या कडेला टेकले.

"मी ओढून पाहिले. उचलेनात. तो अंगणात दोर वळत बसला होता. त्याने मला थांबलेला पाहिला." आबांनी काठी मांडीवर आडवी घेतली. "मला म्हणाला, 'आबा, थांबू नका. पुढं चला की.' हसत म्हणाला. मला पुढे जाता आलं नाही, बाई."

दसऱ्याच्या आधी म्हादू गेला. थंडी वाजून ताप, मग पोट फुगलं, डोळे पिवळे पडले. शेवटच्या दिवसांतही तो गाळलेलं पाणी मागायचा, असं सगुणाने सांगितलं.

दिवसकार्य झाल्यावर ती आमच्याकडे आली. डोक्यावर रिकामी पाटी होती. सवयीने उचलून आणली असावी. ती रडली नाही, कुणाला दोष दिला नाही. सरळ आबांसमोर जाऊन बसली.

"आबा, कुठं चुकलं त्येवढं सांगा."

"काय?"

"नेम कुठला चुकला? माज्या हातनं का त्येंच्या? त्ये गेलं, त्ये गेलं. पोरींचं तरी चुकाया नको."

आबांनी तिला एकेक विचारायला सुरुवात केली. पाणी? उकळून दिलं. तंबाखू? शिवलं न्हाईत. शिळंपाकं? शिळं उराया आदी ताजं पुराया पायजे की, आबा. ती शांतपणे उत्तरं देत होती आणि प्रत्येक उत्तरासरशी आबांचा चेहरा उतरत होता. शेवटी त्यांच्याजवळ विचारायला काही राहिलं नाही. सगुणा वाट बघत होती. धाकटी मुलगी तिच्या पदराशी खेळत होती. मला एकाएकी कळलं की आबांना भीती वाटते आहे. 'त्या'ची नव्हे, ह्या बाईची.

दुसऱ्या दिवशी त्यांनी गावाच्या तोंडाला वर्षभर पुरेल असं केलं. सगुणाला मुलींसकट आपल्या घरात, पुढच्या खोल्यांत आणून ठेवलं. कोठीच्या किल्ल्या आईच्या हाती दिल्या आणि म्हणाले, "मी जे खातो ते ह्यांनी खायचं." आणि स्वतः एक घोंगडी आणि काठी घेऊन कन्हेरीच्या त्या खोपटात राहायला गेले.

आई त्यांच्या आडवी उभी राहिली. "आबा, हे काय खूळ? ह्या वयात मरायला निघालात?"

"मरायला नाही वहिनी, बघायला. नेम तेच ठेवणार. घर तेवढं बदललं. आता माझ्याकडे तो येतो का, बघतो."

"आणि आला तर?"

"तर चूक म्हादूची नव्हती, हे तिला सांगता येईल."

सुट्टीच्या दिवशी मी त्यांच्यासाठी डबा घेऊन गेले. भर दुपार होती. पण खोपटाशी पोचले तेव्हा ऊन मागे राहिलं. चारही बाजूंनी ऊस डोक्यापेक्षा उंच, वारा नाही, पानाचा आवाज नाही. माझ्या चपलेचा ठसा उमटे आणि मी पुढचं पाऊल टाकीपर्यंत त्यात पाणी भरे. मागे वळून पाहिलं तर माझ्या वाटेवर लहान लहान आरसे पडत आलेले.

आबा आत त्या अवेळीही नमस्कार घालत होते. भुईवर त्यांचे तळवे टेकत आणि उचलले की तिथेही पाणी. अंगावरची ती तांब्याची झळाळी गेली होती. मला बघून त्यांनी ओठांवर बोट ठेवलं.

"हळू. तो निजलाय."

त्यांनी कोपऱ्याकडे बोट केलं. तिथे धान्याची एक रिकामी कणगी होती, बुडाला बुरशी धरलेली. दुसरं काही नव्हतं. मी शिकलेली बाई. मला काही दिसलं नाही, हे मी शपथेवर सांगेन. पण त्या कणगीच्या बाजूने मला गार हवा लागली. सारखी नव्हे. यायची, थांबायची, पुन्हा यायची.

"आबा, घरी चला."

"मी समजत होतो तो माणसाकडे बघतो," आबा कुजबुजले. "काय खातो, कसा वागतो. नाही, बाई. मी समोर नमस्कार घालतो, तो माझ्याकडे बघत नाही. पाणी गाळतो, बघत नाही. तो कणगीत बघतो. भुईवर हात फिरवून बघतो. एवढंच. मग समाधानाने निजतो."

"हा डबा तरी घ्या."

त्यांनी डबा परत केला. "त्याला वास लागेल," म्हणाले. कुणाला, हे मी विचारलं नाही. परतताना मी धावले नाही, एवढंच. वाटेवरच्या माझ्याच ठशांना ओलांडून मी चालत होते. त्यांच्या शेजारी मला दुसरे ठसे दिसतील अशी सारखी भीती वाटत होती.

कार्तिक लागता लागता निरोप आला की आबा उठत नाहीत. मी, आई आणि सगुणा बैलगाडी करून गेलो. आबा भुईवर पडले होते, दातावर दात वाजत होते. डोळे कोपऱ्याकडे लागलेले. सगुणाने त्या कोपऱ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. तिने पदर खोचला आणि आबांना लहान मूल उचलावं तसं दोन्ही हातांवर उचललं. ती दारातून बाहेर पडली तेव्हा आबा तिच्या खांद्यावरून मागे बघत पुटपुटत होते, "तो येत नाहीय. तो मागे येत नाहीय."

आम्ही त्यांना त्यांच्या घरी आणून माडीवरच्या कोरड्या खोलीत निजवलं. पोस्टातून क्विनाईनच्या पुड्या आणल्या, डॉक्टर बोलावला, दूध, मऊ भात, अंगावर रजया. आबा एकही नेम पाळण्याच्या स्थितीत नव्हते. अंघोळ नाही, नमस्कार नाही. आई उन्हं वर येईपर्यंत त्यांना उठू देत नसे, आणि चहासुद्धा पाजी. थंडी सरायच्या आत ते काठी टेकत ओट्यावर येऊन बसले. तोवर सगुणाच्या मुलींच्या गालांवर मांस आलं होतं.

बरं झाल्याचा आनंद आबांना झाला नाही. एकदा ते सगुणाला म्हणाले, "सगुणा, नेम खोटे होते. मी तुम्हाला खोटं सांगितलं. मी नुसता इथे पडून राहिलो आणि वाचलो."

सगुणा मुलीची वेणी घालत होती. "खोटं न्हाईत वो आबा. पोरी अजून उकळल्यालं पानी पित्यात, त्येंचं प्वाट कधी दुखलं न्हाय. पर नेम पाळाया मानसाला उभं ऱ्हायाला तरी कोरडी जागा पायजेल का नगं? आमी चिखलात हुबं ऱ्हाऊन पाळला."

त्यानंतर आबांनी लासुर्ण्याची निम्मी जमीन विकली. कन्हेरीच्या वरच्या अंगाला मुरमाड माळ होता, तो घेतला. कालव्यावर जन्म गेलेला माणूस, पाणी कुठून पाझरतं आणि कुठे पोचत नाही, हे त्यांना तोंडपाठ. तिथे त्यांनी दगडी जोत्यावर खोल्यांची ओळ बांधली, वर पन्हाळी कौलं, प्रत्येक खोलीला खिडकी. चारीच्या खालच्या अंगाच्या सगळ्या खोपटांतल्या माणसांनी इथे येऊन राहायचं, भाडं नको. मालक लोक हसले, पण आड आले नाहीत. मजूर तगला तर ऊस तगतो, एवढं त्यांनाही समजत होतं.

वैशाखात आबांनी सगळ्यांना बोलावलं. मलाही नेलं. माणसं आली. बोचकी, मडकी, कोंबड्या, म्हातारी माणसं. आली आणि माळावर लिंबाच्या झाडाखाली बसली. आत कुणी जाईना.

आबा म्हणाले, "जा की आत."

कुणी हललं नाही. शेवटी एक म्हातारा हात जोडून उठला. "आबा, राग मानू नगा. तुमी ज्या दारात थांबता तितं काय व्हतं, समद्यास्नी ठावं हाय. आन हितं तर तुमी प्रत्येक दारात थांबलाय. दगड बशिवताना थांबलाय, चौकट लावताना थांबलाय."

त्यांना हे सुचलंच नव्हतं. मला वाटलं, हा माणूस आता इथेच कोसळणार.

तेव्हा सगुणा उठली. सहा महिने आबांच्या घरी राहून तीही आज बोचकं घेऊन आली होती. धाकटीला तिने कडेवर घेतलं, मधल्या एका खोलीत शिरली, जमिनीवर घोंगडी अंथरली आणि पोरीला तिच्यावर थोपटून निजवलं. मग बाहेर येऊन, दार सताड उघडं ठेवून, लोकांबरोबर लिंबाखाली येऊन बसली.

"बगा," एवढंच म्हणाली.

सगळे बघत बसले. माळावर ऊन रणरणत होतं. उघड्या दारातून आतला काळोख दिसत होता आणि त्यात घोंगडीवर तो एवढासा जीव. कुणी खोकलं नाही. कोंबड्यासुद्धा गप्प होत्या. पोर इतकी स्वस्थ निजली होती की तिचा श्वास चालू आहे की नाही, इतक्या लांबून कळत नव्हतं. एक बाई उठून पुढे जायला निघाली, तिला दुसरीने खाली ओढलं. मी सगुणाकडे पाहिलं. तिने दोन्ही हातांनी जमिनीवरचं गवत मुठीत धरलं होतं आणि बोटं पांढरी पडली होती. आबा आमच्या सगळ्यांच्या मागे उभे होते. मी वळून बघायचं धाडस केलं नाही. मला फक्त त्यांची काठी मुरमात रुतल्याचा आवाज आला.

सावल्या लांबल्या. ऊन दारातून आत शिरलं, घोंगडीवर चढलं, पोरीच्या पायांवर आलं. ते पाय हलले नाहीत.

मग ऊन तिच्या तोंडावर आलं. तिने कूस बदलली, डोळे चोळले, उठून बसली. दारात आली आणि एवढी माणसं आपल्याकडे टक लावून बघताहेत हे पाहून तिने ओठ काढला.

"आये," ती म्हणाली, "भाकर दे."

कुणीतरी मोठ्याने हुंदका दिला. तो म्हातारा उठला, त्याने आपलं मडकं उचललं आणि शेजारच्या दाराकडे चालू लागला. त्याच्यामागून बाकीचेही उठले.